आपल्या जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधायचा, आणि तिथं कोण कोण राहून गेलं ते कसं कळतं

तीन वर्षं झाली, मी आमच्या आजोळच्या वाड्याच्या मागं लागलोय. गाव गंगाखेड-परळीच्या पट्ट्यातलं. वाडा चौसोपी, म्हणजे चौकाभोवती चार बाजूंना ओसरीसारखे सोपे, त्यातले दोन सोपे पडले, एक मामांनी स्लॅबचा करून घेतला आणि एक अजून तसाच माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा आहे. घरात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलो, की रझाकारीच्या साली चैत्रात निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आपल्या वाड्यात आठ दिवस होते आणि पोलीस आले की बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठारात, उतरून बसायचे. ही गोष्ट खरी का, एवढंच बघायला निघालो होतो. पण मग एकातून एक निघत गेलं आणि आता फोनमधे चारशेच्या वर फोटो आणि तीस-पस्तीस रेकॉर्डिंग आहेत. कुणाला आपल्या घराचं असं काही शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं, कागद कुठं मिळतात, हे सगळं सांगतो. आपल्याकडची, म्हणजे मराठवाड्यातली पद्धत पुण्याकडच्यापेक्षा वेगळी आहे, कारण सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणजे कागद उर्दूत, साल फसली आणि रुपया हाली.

सगळ्यात आधी माणसं. कागद दहा वर्षांनी पण मिळेल, माणूस मिळणार नाही. मी स्वतः उलटं केलं, आधी चार महिने तहसीलला चकरा मारल्या आणि त्या चार महिन्यांत आजोबांचे एक चुलतभाऊ गेले, ज्यांना त्या घरातलं सगळं माहीत होतं. ते अजूनही मनाला लागून आहे. म्हणून म्हणतो, हे वाचून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा.

आणि विचारायचं कसं, ते पण महत्त्वाचं आहे. "वाड्याचा इतिहास सांगा" म्हणलं की माणूस एकदम घरातली ठरलेली गोष्ट सांगायला लागतो, पाटीलकी, घोडे, सोनं, अमुक पुढारी येऊन गेले वगैरे. त्यापेक्षा साधं विचारा. तुम्ही लहानपणी कुठं झोपायचे, चूल कुठं होती, पाणी आडाचं की नदीचं, ढेलजेत, म्हणजे दाराच्या आतल्या बैठकीच्या जागेत कोण बसायचं, बाळंतिणीची खोली कोणती, दिंडी दरवाजा रात्री कोण लावायचं. जमलं तर त्यांना हाताला धरून त्या जागेवर न्या, नुसता पडका भाग असला तरी न्या. आमच्या आजीची मावसबहीण नव्वदीच्या पुढं आहे, तिला मी तिथं नेलं तर आधी म्हणाली, "काय शोधायलास रे बाबा, सगळं तर पडलं." मग खाटेवर बसली, पाच मिनिटं गप्प, आणि मग एकेक जागा बोटानं दाखवत गेली, इथं उखळ, इथं म्हशी, आणि ढेलजेच्या डाव्या हाताची खोली दाखवून म्हणाली, "हितं मास्तर ऱ्हायचा." हा मास्तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मामांना माहीत नाही, आईला माहीत नाही. त्याचं पुढं सांगतो.

यातून एक गोष्ट पक्की कळली, की मुलांपेक्षा मुलींना विचारा. जो मुलगा त्याच घरात राहिला त्याच्या डोळ्यासमोर घर रोज बदलत गेलं, भिंत पडली, पत्रे आले, मोटार बसली, आणि जुनं नवं सगळं मिसळून गेलं. जी मुलगी लग्न होऊन गेली तिच्या डोक्यात घर लग्नाच्या दिवशी जसं होतं तसंच आहे, अगदी कोनाडा न् कोनाडा. आत्या, मावश्या, आजीच्या बहिणी, या लांबलांब दिलेल्या असतात, पण जा. आणि दुसरं म्हणजे वाड्यात जे कामाला होते त्यांच्या घरी जा, सालगडी, सुतार, पाणी भरणारे, दळण दळणाऱ्या बाया. मालकाच्या घरात जे कधी बोललं जात नाही ते तिथं कळतं. आमच्या वाड्याच्या एका सोप्याचं लाकूड कुठून आलं हे मला सुतारांच्या घरी कळलं, आमच्या घरात नाही.

साल कुणालाच सांगता येत नाही, ते अपेक्षितच धरायचं. त्यासाठी मोठ्या घटनांचे खुंटे वापरायचे. प्लेगच्या आधी की नंतर, रझाकारीत की ॲक्शन झाल्यावर, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तेव्हा की नंतर, किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर. "ॲक्शन" म्हणजे पोलीस ॲक्शन, 13 ते 17 सप्टेंबर 1948, आपल्याकडची म्हातारी माणसं अजून तोच शब्द वापरतात. या खुंट्यांवर बहुतेक सगळं टांगता येतं. आणि जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या पण रेकॉर्ड करा, कारण ओवीत सासरच्या वाड्याचं वर्णन असतं, दाराची दिशा असते, दिराचं नाव असतं, शेजारणीचं नाव असतं.

मग घर वाचायचं. हो, घर वाचताच येतं, फक्त घाई करायची नाही. आधी हे बघा की ती गढी आहे का वाडा आहे. गढी उंच पांढऱ्या मातीवर असते, बुरूज असतात, आत धान्याचं पेव असतं, गावापासून जरा सुटी असते. लातूरजवळ बाभळगावला देशमुखांची गढी आहे, विलासराव देशमुख त्याच घरातले. बऱ्याच गावांत गढीची माती लोकांनी माळवदावर टाकायला नेऊन नेऊन गढीच संपवली, तर तुमच्या गावात नुसता उंचवटा राहिला असेल तरी तिथं काय होतं हे विचारा. वाडा म्हणजे रस्त्यावर दार, दाराच्या आत ढेलज, मग चौक, चौकाभोवती सोपे, मागं परस. दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी आहे का, खांबाखाली दगडी उखळी आहे का, कडीपाट कोणत्या लाकडाचा, बळद भिंतीत आहे का जमिनीत, माळवदाला सानं, म्हणजे उजेडाची भोकं किती आहेत, हे सगळं मोजून लिहून काढा. खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, मोजा. जुन्या खरेदीखतात घर खणातच मोजलेलं असतं, "पाच खणांचा सोपा", त्यामुळं पुढं कागद सापडला की जुळवता येतं.

वय काढायला लोखंड लई कामाचं आहे. छतात लोखंडी गर्डर दिसला तर त्याच्या पोटावर कंपनीचं नाव उठावात असतं, टॉर्च तिरका धरून बघा. टाटांचा कारखाना 1912 पासून पोलाद काढायला लागला, त्यामुळं टाटांचं नाव असेल तर तेवढा भाग त्याच्या नंतरचा. डोरमन लाँग सारखं विलायती नाव असेल तर आधीचा पण असू शकतो. आणि मुळात एवढं लांब लोखंड बैलगाडीनं येणं अवघडच, मनमाड-हैदराबाद रेल्वे आपल्याकडं 1900 च्या आसपास आली आणि लातूरला बार्शी लाइट रेल्वे 1911 ला पोचली, त्यानंतरच गर्डर, मंगलोरी कौलं, रंगीत काचा, शहाबादी फरशी हे सगळं खेड्यातल्या वाड्यात शिरलं. कौलाच्या मागच्या बाजूला पण कारखान्याचं नाव असतं. म्हणजे एकाच वाड्यात तीन वेगवेगळ्या काळातले तुकडे असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच. "वाडा तीनशे वर्षांचा" असं सरसकट म्हणू नका, कोणता भाग ते सांगा.

लातूर-धाराशिवकडच्या लोकांसाठी वेगळं सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जो भूकंप झाला त्यात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचं वजन यामुळंच एवढी माणसं दबली. नंतर 52 गावं तर पूर्णच नवीन जागी गेली, आणि जी घरं उभी होती ती पण लोकांनी भीतीनं उतरवली, हे समजण्यासारखं आहे. तिथं घर वाचायला घरच नाही. अशा वेळी जुन्या गावठाणात जा, जोत्याचे दगड बऱ्याच ठिकाणी अजून आहेत, जोत्यावरून खोल्या मोजता येतात. आणि लग्नाचे फोटो गोळा करा, नवरा-नवरीच्या मागं दिसणारी भिंत, दार, खुंटी, हेच आता त्या घराचे पुरावे.

घरातल्या भांड्यांना तर कुणी हातच लावत नाही. तांब्याचं घंगाळ, पितळी परात, समया, हंडे, यावर ठोके मारून नाव घातलेलं असतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, गाव, कधी कधी शके किंवा तिथी. आमच्याकडं एका घंगाळावर पणजीच्या माहेरचं गाव सापडलं, जे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या गावात गेल्यावर तिकडच्या घरात आमच्या वाड्याचा एक जुना फोटो मिळाला. एवढ्यासाठी तरी माळ्यावरची भांडी मोडीत घालायच्या आधी एकदा पुसून बघा. मोडीत म्हणजे किलोवर विकायच्या आधी, म्हणतोय.

आता घरातले कागद. ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, रुमालात बांधलेलं दप्तर असेल तर सगळ्यात आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. गुंडाळी कडक झाली असेल तर जोर लावून उघडू नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. आमच्या एका नातेवाईकांनी चांगल्या मनानं सगळी मोडी पत्रं लॅमिनेट करून आणली आणि आत हवा-ओल राहून वर्षभरात अक्षर पसरलं. पोस्टकार्ड टाकून देऊ नका. पोस्टकार्डावर पत्ता असतो, शिक्का असतो, तारीख असते, आणि "केअर ऑफ" असतं. हे केअर ऑफ फार महत्त्वाचं, कारण त्यातून कळतं की तुमच्या घरात दुसरं कोण राहत होतं.

साल कसं काढायचं ते एकदा नीट समजून घ्या, यात भले भले फसतात. निजामाच्या कागदांवर फसली साल असतं, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं. हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून जानेवारी ते सप्टेंबरचा कागद असेल तर 591 मिळवा. महिन्यांची नावं पण वेगळी, आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी, आजूर पहिला. म्हणजे 1357 फसली हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. मोडी कागद मराठेशाहीतला असेल तर सुहूर सन असतो, तो अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात, "सीत सितैन मया व अलफ" म्हणजे सहा, साठ, शंभर, हजार, उलटीकडून वाचायचं, 1166, आणि त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, तर 1765-66. शके असेल तर 78 मिळवा. पैशाचं पण तसंच, रुपया हाली लिहिलाय का कलदार ते बघा. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार.

आमच्या घरात जे खरेदीखत निघालं ते 1338 फसलीचं, म्हणजे 1928-29. रक्कम हाली साडेतीनशे, म्हणजे कलदार तीनशेच्या आसपास. आणि इथंच पहिला धक्का बसला. घरात सगळे म्हणायचे वाडा आपल्या पूर्वजांनी बांधला, दोनशे वर्षं झाली. खतात सरळ लिहिलंय की तो पणजोबांनी विकत घेतला, मोमिनाबादच्या छावणीतून पेन्शन घेऊन आलेल्या एका जमादाराच्या मुलाकडून. मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई, तिथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. ते वाचलं आणि मला एकदम आमच्या माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीतला कमानीचा मोठा कोनाडा आठवला. त्यात आमचा देव्हारा आहे. सगळ्या वाड्यात तशी कमान दुसरी कुठंच नाही, बाकीचे कोनाडे चौकोनी. त्या जमादाराचं घर तिकडं तोंड करून नमाज पढत असणार. मी आजीला सांगितलं, ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जागा देवाचीच होती म्हणायची." माझ्या दृष्टीनं या वाड्याचा पहिला रहिवासी तो जमादार आहे आणि मी लिहितोय त्यात त्याचं नाव सगळ्यात वर आहे. तुमच्याकडं पण घर कुणाकडून आलं ते लिहा, विशेषतः 1948 च्या आसपास हात बदललेल्या घरांचं. त्या दिवसांत पुष्कळ लोकांनी घरं सोडली, आधी रझाकारांच्या भीतीनं हिंदूंनी आणि ॲक्शननंतर मुसलमानांनी. विचारताना आवाज खाली ठेवा, कुणाला कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नका, पण गाळू नका.

उर्दू कागद वाचायला निवृत्त उर्दू शिक्षक किंवा मशिदीतले जाणते मौलाना यांच्याकडं जा, छापील उर्दू येणाऱ्या पोराला तो घसरता हात वाचता येत नाही. माझा कागद ज्यांनी वाचून दिला त्यांनी दोन संध्याकाळ घालवल्या आणि पैसे घेतले नाहीत. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख खातं वर्ग घेतं, आणि संभाजीनगरला त्यांचं कार्यालय पण आहे. मोडी यायला वाटते तेवढी अवघड नाही, पंधरा दिवसांत अक्षर लागतं, पण वेगवेगळ्या माणसाचा हात लागायला वर्ष जातं.

आता सरकारी कागद. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सातबारा काढत बसणं. सातबारा शेताचा असतो, गावठाणातलं घर त्यात नसतंच. खेड्यात घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, शहरात नगरपालिकेचा पीटीआर, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरचा उतारा, आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातलं मालमत्ता पत्रक. मालमत्ता पत्रकावर मागचे फेरफार असतात, एकेका मालकाचं नाव गोल करून खालचं लिहिलेलं. पण हे सगळं अलीकडचं. मागं जायचं असेल तर दुय्यम निबंधकाकडं जुनी खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. आणि खतात सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे चतुःसीमा, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. त्यावरून पूर्ण गल्ली उभी करता येते. आमच्या खतात उत्तरेला मोमिनाचं, म्हणजे विणकराचं घर लिहिलंय, आता तिथं मोकळी जागा आहे आणि गावात कुणाला आठवत पण नाही की इथं माग चालायचे.

अजून एक, घरावरून कधी कोर्टकचेरी झाली असेल तर लाजू नका, तो निकाल शोधा. भावाभावांच्या वाटणीचा दावा असेल तर त्यात घराची एकेक खोली, तिचं माप, तिथं कोण राहायचं, भाडं किती, हे साक्षीदारांच्या तोंडून आलेलं असतं. एवढं बारीक वर्णन दुसऱ्या कोणत्याच कागदात मिळत नाही.

देशमुखी, देशपांडेपण, इनाम, काझीपण, देवस्थान असं काही घरात असेल तर अतियातचे, म्हणजे निजामाच्या इनामं बघणाऱ्या खात्याचे कागद आणि मुन्तखब शोधा. मुन्तखब म्हणजे इनामाची चौकशी होऊन जो उतारा मिळायचा तो, त्यात वंशावळ असते आणि मूळ सनद कुणाला मिळाली ते असतं. जहागिऱ्या 1949 ला गेल्या, इनामं 1954 च्या कायद्यानं, त्यामुळं त्या काळात पुष्कळ घरांनी आपले जुने कागद सरकारकडं दाखल केलेत आणि ते परत घेतलेच नाहीत. खासरा पत्रक 1954-55 च्या आसपासचं, ते शेताचं असलं तरी घरातली त्या वेळची माणसं कळायला उपयोगी. आणि 2023 ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा तहसीलमधली जुनी मोडी-उर्दू रजिस्टरं बाहेर निघाली, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून वेबसाइटवर टाकली. ते जातीच्या दाखल्यासाठी टाकलेत, पण आपल्याला इतिहासासाठी पण चालतात.

जिल्हा कोणता ते आधी बघा. यात मी एक पूर्ण महिना घालवला. निजामाच्या वेळी आपल्याकडं पाचच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना 1981 ला झाला, लातूर 1982 ला, हिंगोली 1999 ला. म्हणजे हिंगोलीच्या घराचा जुना कागद परभणीला असायचा. धाराशिवच्या आधी जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं, तर तसं पण शोधा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, 1910 चा जन्म, आता त्यांच्या लहानपणीचा सरकारी कागद कुणी लातूरला शोधत बसलं तर कसा मिळणार, तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. मोठे दरबारी कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, तिथं मोगल काळापासूनचं आहे, पण खेड्यातल्या साध्या घरासाठी तिथं धावायची गरज नाही, जहागीर-मनसब असेल तरच जा.

कार्यालयात जाताना एक वही घेऊन जा, कुणाला कधी अर्ज दिला, आवक नंबर काय, सगळं लिहा. एका कार्यालयात मला तीनदा सांगितलं की रजिस्टर वाळवीनं खाल्लं, चौथ्यांदा वेगळा माणूस बसला होता, त्यानं पंधरा मिनिटांत काढून दिलं. म्हणून "नाही" हे एका माणसाचं उत्तर समजा, कार्यालयाचं नाही.

सरकारच्या बाहेर पण कागद आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्या पूर्वजांनी यात्रेला गेल्यावर नाव, बापाचं नाव, गाव, भावांची नावं लिहिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या उपाध्यायांकडं जायचं ते तिथं कळतं. कर्नाटकाकडच्या पट्ट्यात हेळवी येतात, त्यांच्याकडं पिढ्या पाठ असतात. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा विसरू नका. आणि 1952 च्या पहिल्या निवडणुकीपासूनच्या मतदार याद्या, त्यात घरवार नावं असतात, भाडेकरूंची सुद्धा.

भाडेकरूंवर मी एवढा जोर का देतोय ते सांगतो. नावाजलेला माणूस घराचा मालक असतोच असं नाही, उलट बहुतेक वेळा नसतो. नाशिकला 21 डिसेंबर 1909 ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादला शिकायला होता, दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहायचा. बी. रघुनाथ परभणीला बांधकाम खात्यात नोकरीला होते, नोकरी करत करतच त्यांनी कविता-कथा लिहिल्या आणि 1953 ला गेले. नरहर कुरुंदकर मूळ कुरुंद्याचे, पण आयुष्य गेलं नांदेडला शिकवण्यात. शिक्षक, वैद्य, गवई, कीर्तनकार, गिरदावर, पेशकार, ही सगळी बदलीची आणि भाड्याची माणसं. त्यांच्या नावानं मालमत्तेचा एकही कागद निघणार नाही. ते सापडतात पोस्टकार्डात, शाळेच्या हजेरीत, दिवाळी अंकातल्या पत्त्यात, आणि म्हातारीच्या "हितं मास्तर ऱ्हायचा" मधे.

आपल्याकडं टिकली ती घरं बघा. पैठणला एकनाथ महाराजांचा वाडा गावातलं नाथ मंदिर म्हणून उभा आहे, श्रीखंड्यानं पाणी भरलेला रांजण लोक अजून भरतात. जांब समर्थला रामदासांचं जन्मघर मंदिर झालं. वेरूळला मालोजीराजांच्या गढीचे नुसते अवशेष आहेत. म्हणजे जिथं पूजा चालू राहिली ते घर राहिलं. मास्तराच्या खोलीची पूजा कोण करणार, ती आपल्यालाच लिहून ठेवावी लागते.

"अमुक इथं राहून गेले" हे कसं तपासायचं, ते आता सांगतो. त्या माणसाचा तारीखवार प्रवास आधी काढा. चरित्र, आठवणी, गॅझेटियर, त्या वेळची वर्तमानपत्रं. औरंगाबादचं जुनं गॅझेटियर 1884 चं आहे, आणि महाराष्ट्र झाल्यावर परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद, औरंगाबाद सगळ्यांची 1967 ते 1977 च्या दरम्यान आली. मग आपल्या घरातली तारीख त्यावर ठेवून बघा. आमचं मी असंच केलं. रझाकारीचं साल, चैत्र, म्हणजे एप्रिल 1948. आणि स्वामीजी त्या वेळी निजामाच्या तुरुंगात होते, जानेवारीत पकडलेले, ॲक्शन झाल्यावरच सुटले. म्हणजे गोष्ट जुळत नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, खरंच. मामांना सांगायला आठवडा लावला आणि सांगितल्यावर ते चिडले पण, म्हणाले आमचे वडील खोटं बोलले का.

पण गोष्ट जुळली नाही म्हणून टाकून द्यायची नाही, हे माझं सगळ्यात ठाम मत आहे. घरातली गोष्ट सहसा हवेतून येत नाही, नाव बदललेलं असतं, साल सरकलेलं असतं, पण खाली काहीतरी घडलेलं असतं. मी परत त्या मावसआजीकडं गेलो आणि या वेळी स्वामीजींचं नावच काढलं नाही. विचारलं, बळदात कोण बसायचं? ती म्हणाली, "मास्तरच की. सामीजीचा माणूस व्हता ना तो." अंबाजोगाईच्या शाळेतून आलेला, पोरांना शिकवायचा, रात्री कुठंतरी जायचा, आणि चैत्रात एक दिवस गेला तो उमरखेडकडं गेला म्हणे, परत आला नाही. आता हे लगेच जुळतं. स्वामीजी स्वतः हिप्परग्याची शाळा सोडल्यावर 1935 पासून काही वर्षं अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत होते, तिथून तयार झालेली पोरं-मास्तर गावोगाव पसरली, आणि 1948 ला संस्थानाच्या हद्दीबाहेर उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी लढ्याचे कॅम्प होते. "स्वामीजींचा माणूस" चा पन्नास-साठ वर्षांत "स्वामीजी" झाला, एवढंच. मामांना हे सांगितलं तेव्हा ते उठले, आत गेले आणि बळदाचं झाकण मला स्वतः उचलून दाखवलं. आतमधे उतरायला कोरलेल्या तीन खाचा आहेत. धान्य काढायला वरून घमेलं सोडतात, खाचा कशाला लागतील.

असं काही मिळालं की लिहिताना तीन रंग वापरा, मी तसंच करतो. कागदात आहे ते निळ्यानं, माणसानं सांगितलं ते काळ्यानं आणि सोबत कुणी, कधी सांगितलं ते, आणि माझा अंदाज हिरव्यानं. मास्तराचं सगळं अजून काळ्यातच आहे. सगळ्या फोटोंच्या मागं पेन्सिलनं नावं लिहा, पेननं नाही, शाई पुढच्या बाजूला उतरते. सगळ्याच्या तीन प्रती करा, एक घरात, एक लांबच्या नातेवाईकाकडं, एक गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत.

मास्तरासाठी आता दोन जागा राहिल्यात. एक, 1946 ते 48 ची शाळेतली शिक्षकांची जुनी हजेरी, आणि दुसरी, जिल्हा कचेरीतल्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायली, कारण त्यात अर्जदारानं कुठं लपलो, कुणी भाकरी दिली हे गावाच्या नावासकट लिहिलेलं असतं. फायलींसाठी अर्ज दिलाय, आवक नंबर वहीत आहे. मावसआजीला नाव आठवत नाही, पण मास्तर डावखुरा होता आणि ज्वारीच्या भाकरीसोबत करडईच्या तेलातलं तिखट मागायचा एवढं तिनं सांगितलंय, ते पण काळ्यानं लिहून ठेवलंय.